भिशीच्या पोटातलं दुकान

कोल्हापुरात घरातून साड्या विकणाऱ्या बाईच्या धंद्याची कुळी शोधत गेलं की वाट वळिवड्याच्या छावणीत जाऊन पोहोचते, आणि तिथे सर्वांत आधी भेटतात ते पोलंडचे लोक.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आलेल्या पोलिश निर्वासितांना १९४३ साली कोल्हापूर संस्थानाने वळिवड्याला जागा दिली. साधारण पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. बराकी उभ्या राहिल्या, शाळा आणि चर्च झालं. युद्ध संपल्यावर ही माणसं हळूहळू पांगली आणि १९४८ च्या सुमारास बराकी मोकळ्या झाल्या. त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. वस्तीला गांधीनगर असं नाव मिळालं. हातात काही नसलेली ही माणसं गाठोडी घेऊन फेरीला निघाली, उधारीवर आणि थोडक्या नफ्यावर कापड विकू लागली, आणि पुढे त्यातूनच गांधीनगरची घाऊक कापडपेठ उभी राहिली. आज आजूबाजूच्या जिल्ह्यांतले आणि सीमाभागातले दुकानदार तिथे माल भरायला येतात. त्यांच्या जोडीला पिशवी घेऊन कोल्हापूरच्या पेठांतल्या आणि उपनगरांतल्या बायकाही येतात. त्यांचं दुकान कुठेच नसतं.

इथवर सगळं सर्वमान्य आहे. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. दुकान नसलेल्या बाईला धंदा करायला तीन गोष्टी लागतात: माल, भांडवल आणि गिऱ्हाईक. माल छावणीतून आला, यात वाद नाही. उरलेल्या दोन्ही गोष्टी ज्या एका रिवाजातून मिळतात, त्या भिशीचं आजचं रूपही त्याच छावणीच्या वाटेने कोल्हापुरात पक्कं झालं असावं, असं मला ठामपणे वाटतं.

आधी हा रिवाज धंद्याला कसा पोसतो ते बघू, कारण घरगुती विक्रीवरच्या सल्ल्यांत नेमका हाच भाग वगळलेला असतो. बारा जणी दरमहा हजार रुपये काढतात असं धरू. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि बारा हजार एकीला मिळतात. जिने भिशी जमवली, ती बहुतेक वेळा पहिला नंबर स्वतःकडे ठेवते. तेवढा मान तिला सगळ्या देतात. म्हणजे स्वतःचे एक हजार भरून तिच्या हातात बारा हजार येतात आणि उरलेले अकरा हजार ती अकरा महिन्यांत फेडते. व्याज नाही, जामीन नाही, कागद नाही. घाऊक चारशेची साडी धरली तर या पैशांत गांधीनगरातून तीस साड्या येतात.

आता या तीस साड्या घ्यायच्या कुणी? त्याच अकरा जणींनी, त्यांच्या जावांनी आणि शेजारणींनी. भिशीच्या दिवशी चहा-पोहे होतात, चिठ्ठी निघते, जिची निघाली तिला बाकीच्या हसून चिडवतात आणि मग पिशवी उघडते. “वैनी, ह्यो रंग तुमास्नीच शोभतोय,” असं सांगायला विकणारी लागतही नाही, शेजारी बसलेलीच सांगते. साडीचे पैसे दोन-तीन हप्त्यांत आणि प्रत्येक हप्ता पुढच्या भिशीच्या तारखेला. ज्या दिवशी भिशीचे हजार बाजूला काढले जातात, त्याच दिवशी साडीचा हप्ताही निघतो. वसुलीसाठी कुणाच्या दारात जायला नको. जी भिशीचा हप्ता चुकवते तिला साडी उधार मिळत नाही, आणि ती का मिळाली नाही हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय बैठक दर महिन्याला वेगळ्या घरी. बारा महिन्यांत बारा घरं, प्रत्येक घरच्या सासू, नणंद आणि शेजारीण ही नवी गिऱ्हाइकं. भाडं न भरता बारा जागी मांडता येणारं दुकान मला तरी दुसरं माहीत नाही.

ही रीत अमेरिकेतून आली असं अनेकांना वाटतं, कारण ‘टपरवेअर पार्टी’ हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती गोष्ट थोडक्यात अशी. अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे १९४६ साली बाजारात आले, पण दुकानांच्या फळ्यांवर पडून राहिले. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कुणी हाताने दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. ब्राउनी वाइझ या बाईंनी घरोघरी बैठका भरवून ते दाखवलं, तेव्हा डबे भराभर खपले, आणि १९५१ पासून कंपनीने दुकानांतली विक्रीच थांबवली. भारतात ती १९९६ साली आली. पण तोवर कोल्हापूरच्या बायका भिशीच्या बैठकीत साड्या, ड्रेसपीस, पापड, मसाले विकत होत्या. डबेवाल्या कंपनीला इथे बैठक शिकवावी लागली नाही. भरलेल्या बैठकीत तिने फक्त आपली पिशवी उघडली. जिच्या घरी पार्टी तिला भेटवस्तू, ही अमेरिकन युक्तीही इथे नवी नव्हती, कारण अनेक भिशांत जिची चिठ्ठी निघाली तिच्याच घरी पुढची बैठक हा नियम चालत आलेला आहे.

कुणी म्हणेल, मग कासाराचं काय? तो तर शेकडो वर्षं घरात येऊन, ओसरीवर बसून, बाईच्या मनगटात बांगडी चढवून दाखवतच विकत होता. माल हाताळायला देऊन विकण्याचा मूळपुरुष म्हणून कासाराला मी मनापासून मान देतो. पण कासार बाहेरून येतो आणि विकून निघून जातो. भिशीतली विक्रेती गिऱ्हाइकांपैकीच एक असते आणि त्यांची देणेकरीही असते. तिने पहिला नंबर उचलला आहे, म्हणजे बाकीच्यांचे पैसे तिच्याकडे आहेत. तिने माल खराब दिला तर तिला पळून जाता येत नाही. कासाराच्या धंद्यात हे नातं नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण माझा सगळा तर्क तिथेच टिकतो किंवा पडतो.

मराठीत ‘भिशी’चा जुना अर्थ पैशांचा नाही, जेवणाचा आहे. चार-दहा जणांनी वर्गणी काढून चालवलेली जेवणाची सोय म्हणजे भिशी. शिकायला शहरात आलेली मुलं भिशीत जेवत. गुजरातीत ‘वीशी’ म्हणजे खानावळ, तीही याच गोतातली. दुसऱ्या बाजूला हिंदी पट्ट्यात आणि पार कराचीपर्यंत ‘बीसी’ म्हणजे आळीपाळीने उचलायचा पैसा. तिथे ताटाशी काही संबंध नाही.

सोपी व्युत्पत्ती अशी सांगतात की वीस माणसांची ती विशी आणि तिचीच भिशी झाली. मला ती पटत नाही. मराठीत ‘विशी’ हा शब्द आहेच, ऐन विशीतला पोरगा आपण रोज म्हणतो. तो ‘व’ सुखाने नांदत असताना त्याच शब्दाचा दुसरीकडे ‘भ’ कशाला होईल? कोल्हापूर कर्नाटकाला लागून असल्यामुळे कन्नडकडेही बोट दाखवता येतं. तिथे ‘बिसि’ म्हणजे गरम, बिसिबेळेभातातला. गरम जेवणाची ती भिशी, असं म्हणायला मोह होतो. पण मग गुजरातची वीशी कुठून आली? तिथवर कन्नडचा हात पोचत नाही. हा मोह मी सोडला.

माझा तर्क असा. शब्द आपलाच, जेवणाचा. वर्गणी, सामाईक हिशोब आणि आळीपाळीने कारभार या गोष्टी त्यात आधीपासून होत्या. शाहू महाराजांच्या काळात १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून एकामागून एक वसतिगृहं निघालेल्या कोल्हापूरला एकत्र जेवणाची आणि एकत्र हिशोबाची सवयही होती. मग फाळणीनंतर गांधीनगरचे व्यापारी आले. बँक दारात उभं करत नाही, तेव्हा पेढीवर आपसांत पैसा फिरवून भांडवल उभं करायची त्यांची ‘बीसी’ सोबत आली. कोल्हापुरी कानाने बीसी ऐकली आणि तिला ओळखीचं नाव दिलं. जेवणाची भिशी मागे पडली, पैशाची पुढे आली. आणि उधारीवर माल उचलणाऱ्या बायकांमार्फत हा रिवाज पेढीवरून स्वयंपाकघरात गेला.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला भाषेचा. सिंधीत विसाला ‘वीह’ म्हणतात, त्यातून बीसी निघत नाही. खरं आहे. पण कराची हे कच्छी, गुजराती, मारवाडी, सिंधी अशा सगळ्यांचं बंदर होतं आणि बाजाराची बोली घरच्या बोलीपेक्षा वेगळी असते. शब्द सिंधी नसला तरी तो सिंध्यांच्या वहीतून आला असू शकतो. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. पुण्यातही भिशी आहे, सांगलीतही आहे, तिथे काय वळिवडं होतं? पुण्याजवळ पिंपरीला निर्वासितांची छावणी होतीच. सांगली मिरजेच्या रेल्वेने गांधीनगरशी जोडलेली, आणि तिथल्या हळदीच्या पेठेत गुजराती-मारवाडी पेढ्या कितीतरी आधीपासूनच्या. बीसीला महाराष्ट्रात यायला अनेक दारं होती, हे मी मान्य करतो. कोल्हापुरात ती ज्या दाराने आली ते वळिवड्याचं, एवढाच माझा दावा आहे.

पैसा फिरवण्याची ही रीत जगभर आहे. केरळात कुरी, पश्चिम आफ्रिकेत एसुसु. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात जावा बेटावरच्या ‘अरिसान’ची ओळख करून दिली. बायका जमतात, वर्गणी काढतात, चिठ्ठी निघते. हुबेहूब आपली भिशी. आणि २०१३ साली त्याच टपरवेअरची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ ठरली ती अमेरिका नव्हे, जर्मनीही नव्हे, तर इंडोनेशिया. तिथे डबे विकले जात होते ते अरिसानमध्ये. माझ्या मते भिशी आधी आणि विक्री नंतर या क्रमाला याहून चांगला पुरावा मिळणं अवघड आहे.

भिशीला साखळी योजनांच्या पंक्तीत बसवणाऱ्यांशी मात्र मला भांडायचं आहे. साखळीत वरच्याची कमाई खालच्यांच्या भरतीवर चालते आणि शेवटचा बुडतो. १९७८ च्या कायद्याने अशा पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदी आली आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजना आणि सामील होण्यासाठी घेतलं जाणारं शुल्क या दोन्हींना मनाई केली. भिशीत शेवटचीलाही तेवढेच बारा हजार मिळतात, आणि भिशी तिथे संपते. भिशा बुडतातही, चालवणारी पळाली की बुडतात, आणि त्यात खऱ्या बायकांची खरी बचत जाते. म्हणूनच बारा-पंधरा ओळखीच्या जणींपलीकडे भिशी वाढवू नये, असं जुन्या जाणत्या बायका सांगतात. घरच्या धंद्याची मर्यादाही तीच राहते.

साडीच्याच वाटेने नंतर चटणी आली. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. मार्च ते मे हा डंकावर मसाला कुटायचा हंगाम. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, वर धने, तीळ, खोबरं, कांदा, लसूण. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी किलोकिलोने मागणी नोंदवली जाते. साडी उधार आणता येते, मिरची आणता येत नाही. बाजारात नवी मिरची आली की रोख देऊन एकदम भरावी लागते, नाहीतर दर चढतो. म्हणून चटणीवालीला मार्चचा नंबर हवा असतो आणि साडीवालीला गौरी-गणपतीच्या आधीचा. छोट्या उलाढालीसाठी अन्नसुरक्षा खात्याची साधी नोंदणी पुरते. ती करून घेतलेली चटणीवाली आपल्या पाकिटावर चौदा आकडी क्रमांक छापते आणि दुकानातही माल ठेवू शकते. पण पहिली मिरची येते ती भिशीतूनच. ज्या भिशांत वर्षभराच्या चिठ्ठ्या जानेवारीतच निघतात, तिथे लगेच अदलाबदल सुरू होते. “माझा मार्च तू घे, तुझा ऑगस्ट मला दे,” आणि दोघींचं वर्ष लागतं.