पोकळ गिरमिटाची कुळकथा

पुणे जिल्ह्यातले पाबळ गाव पर्जन्यछायेतले. इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी १९७२ चा दुष्काळ अजून ताजा आहे. १८७६ चा सांगायला मात्र कुणी उरले नाही. तेव्हा उभी असलेली काही झाडे आजही जंगलांत आहेत, आणि त्यांना बोलते करणारे हत्यार म्हणजे पोकळ गिरमिट.

सुताराच्या गिरमिटाने भोक पडते, लाकडाचा भुसा होतो. हे गिरमिट भोकातले लाकूडच जपते. टोकाला आटे, मागे नळी. खोडात फिरवत नेले की नळीत पेन्सिलीहून बारीक कांडी शिरते. झाड जगते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या थारान्टच्या वनविद्यालयातले माक्स प्रेस्लर यांनी ते रूढ केले, लाकडाची वाढ मोजण्यासाठी.

त्या वाढीत हवामान वाचले अमेरिकेच्या अँड्र्यू डग्लस यांनी. ते खगोलशास्त्रज्ञ; सौरडागांच्या चक्राचा माग काढत ॲरिझोनातल्या पाइन वृक्षांकडे वळले. कोरड्या वर्षी खोडातले त्या वर्षाच्या वाढीचे वलय अरुंद पडते. पण नुसती वलये मोजून भागत नाही, कारण एखाद्या वर्षी वलय उमटतच नाही, कधी खोटे उमटते. म्हणून अनेक झाडांतला अरुंद-रुंद क्रम एकमेकांशी ताडून पाहायचा. माझ्या मते या शास्त्राचा प्राण हाच. १९३७ मध्ये ॲरिझोनातल्याच टूसानला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली.

उष्ण प्रदेशात पुष्कळ झाडांत वार्षिक वलये स्पष्ट नसतात. साग निराळा. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो, आणि नवी वाढ मोठ्या छिद्रांच्या ओळीने सुरू होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे भागातल्या सागाच्या वलयांचा हवामानाशी संबंध मांडला. पुढे २०१० मध्ये बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागातून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळवली. एल निनोच्या आणि कमी पावसाच्या खुणा तीत सापडल्या. आजचा पाऊस किती बदलला हे ठरवायला इतका लांब मागोवा पर्जन्यमापकाकडे नाही.

जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळयांतही ही वलये आहेत. तुळई ज्या जंगलातून आली तिथला पाऊस ती सांगेल, पाबळचा नव्हे. तरीही वाडा उतरवताना तिची एक चकती कापून, गावाचे नाव आणि बांधकामाचे साल लिहून ठेवावी. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्येच सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात मुले हाताने काम करत शिकतात. करवत, पॉलिश पेपर आणि भिंग एवढ्यावर त्यांना हे वाचन सुरू करता येईल.