योगायोगाचा वाटा

मनुष्याच्या आयुष्याला वळण कोण देते, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची दोन तयार उत्तरे आपल्या प्रत्येकाच्या जिभेवर असतात. काम बिघडले की आपण म्हणतो, होणारे चुकत नाही. काम साधले की म्हणतो, प्रयत्नांती परमेश्वर. एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच तोंडून ही दोन्ही वचने ऐकू येतात आणि त्यांत काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही. इतिहासाचा विचार करणाऱ्याला मात्र या दोहोंपैकी एकावरही समाधान मानता येत नाही. पहिले वचन खरे मानले, तर इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुसरे खरे मानले, तर ज्यांनी मनापासून प्रयत्न केले आणि तरीही ज्यांच्या पदरी काही पडले नाही, त्यांना आपण आळशी ठरवून मोकळे होतो. म्हणून हा प्रश्न हवेत न ठेवता एका चरित्राच्या आधाराने तपासून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

ते चरित्र महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी निवर्तलेले अण्णासाहेब १०४ वर्षे जगले, आणि त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. इतके दीर्घ आणि सफल आयुष्य पाहिले म्हणजे ते आधीच आखून ठेवल्यासारखे वाटते. शेवटच्या टोकाला उभे राहून मागे पाहिले की वाट नेहमीच सरळ दिसते. चालणाऱ्याला मात्र ती तशी दिसलेली नसते.

कोकणातील मुरुड या गावच्या या तरुणाला १८७५ साली सार्वजनिक परीक्षेला बसावयाचे होते. परीक्षेचे ठिकाण सातारा. पाऊस, सह्याद्रीचा घाट आणि शंभर मैलांहून अधिक वाट. ती सोबत्यांसह, पाठीवर सामान टाकून, त्याने पायी तुडविली. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते आणि ती पूर्ण झालेली होती. पण अंगलट किरकोळ, चेहरा कोवळा. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्याला परत पाठविले. परत म्हणजे पुन्हा तीच वाट, तोच घाट. दुसऱ्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे रत्नागिरी, मग मुंबई, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी. ए.

आता त्या अध्यक्षांच्या निर्णयाला काय म्हणावयाचे? त्या निर्णयाला दोन मिनिटेही लागली नसतील. त्या वर्षी परीक्षा पार पडली असती, तर एखाद्या गावच्या शाळेत किंवा कचेरीत लहानशी नोकरी धरून तो तरुण स्थिरावला असता, असे मानणे अशक्य नाही. म्हणून कित्येकांना असे म्हणण्याचा मोह होईल की, त्या नकारानेच महर्षी घडविले. आम्हांला हे मान्य नाही. नकाराने कोणी घडत नाही. सातारच्या दारातून त्या काळी आणखीही किती जण परत गेले असतील. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. नकाराने फार तर एक वर्ष घेतले. ते वर्ष गेले तरी पुढच्या वर्षी कोल्हापूरचे दार उघडे होते, ही गोष्ट आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. हे दुसरे दार श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, कारण आमचे पुढील सर्व प्रतिपादन त्यावरच उभे आहे.

दुसरे वळण १८९१ चे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला होता आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास माणूस हवा होता. कर्वे तेव्हा मुंबईत शिकवण्या आणि शाळा यांत दिवस काढीत होते. एल्फिन्स्टन कॉलेजातील त्यांचे सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्यास बोलाविले. टिळकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाद ज्या कारणांनी झाला, त्यांच्याशी कर्वे यांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्या वादाने रिकामी झालेली खुर्ची त्यांच्या वाट्याला आली. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत राहिले. त्याच १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. पुण्यात आलेला हा प्राध्यापक विधुर होता आणि पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असे त्याने मनाशी ठरविले होते.

या ठिकाणी दुसरे एक आयुष्य या कथेत येते. कर्वे यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई. तिचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांच्या आत नवरा वारला. लग्न म्हणजे काय हे समजण्यापूर्वीच ती विधवा झाली. सातारला परत पाठविलेल्या मुलाची आणि या मुलीची तुलना करून पाहा. दोघांच्याही बाबतीत निर्णय दुसऱ्यांनी घेतला आणि दोघांचीही त्यात काही चूक नव्हती. परंतु मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा होती. मुलीला पुन्हा काहीच नव्हते. एका लग्नाचा मुहूर्त आणि एक आजार, एवढ्या दोन गोष्टींनी तिच्या उरलेल्या साऱ्या वर्षांचा निकाल लागला होता. तिच्या अंगी बुद्धी किती, जिद्द किती, हे विचारण्याची सोयच त्या समाजात नव्हती.

तो निकाल फिरला तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनामुळे. ११ मार्च १८८९ रोजी ही संस्था मुंबईत निघाली आणि पुढल्या वर्षी पुण्यास आली. गोदूबाई तिच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. आणि खुद्द रमाबाईंच्या घराण्याची कथा पाहिली, तर तिच्याही मुळाशी एक क्षणभराचा निर्णय सापडतो. यात्रेस निघालेला एक गृहस्थ गोदावरीकाठी उतरला असता स्नानास आलेला एक विद्वान ब्राह्मण त्याला दिसला. कुलगोत्राची विचारपूस झाली, तो विधुर आहे असे कळले, आणि त्या गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्याच दिवशी त्याला देऊन टाकली आणि तो पुढच्या यात्रेला निघून गेला. ते ब्राह्मण म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे आणि ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. आज आपल्याला हा प्रकार ऐकून अंगावर काटा येतो, आणि तो यावा हेच योग्य आहे. त्या मुलीला चांगला पती मिळाला, हा निव्वळ योगायोग. पण त्या पतीने लोकनिंदा सोसून तिला संस्कृत शिकविले आणि पुढे ती विद्या आईकडून मुलीकडे आली, हा योगायोग नव्हे. तो विचार करून घेतलेला आणि पुष्कळ किंमत देऊन पाळलेला निश्चय होता.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्वे आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले. मुरुडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. ज्या गावातून तो मुलगा परीक्षेसाठी पायी निघाला होता, त्याच गावात त्याला आपल्या माणसांच्या घरी उतरण्याची चोरी झाली.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे जरूर आहे. शारदा सदन उघडले तो दिवस ११ मार्च आणि हा विवाह झाला तो दिवसही ११ मार्च. कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि पंडिता रमाबाईंचा २३ एप्रिल १८५८ चा. म्हणजे दोघांत अवघ्या पाच दिवसांचे अंतर. असे जुळून आलेले आकडे आपल्याला मोठे नवलाचे वाटतात आणि त्यांत काही संकेत असावा अशी शंका येते. वस्तुतः त्यांत काही नाही. त्या तारखा वेगळ्या असत्या, तरी घडले ते तसेच घडले असते. याच्या उलट, सातारच्या अध्यक्षांची नजर किंवा फर्ग्युसनमधील रिकामी जागा यांत डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही, पण त्या बदलल्या असत्या तर पुढचे पुष्कळ बदलले असते. नवलाचा योगायोग बहुधा निष्फळ असतो आणि फळणारा योगायोग बहुधा अगदी सामान्य दिसतो.

याचा उत्तम दाखला १९१५ सालचा आहे. तोपर्यंत १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास जाऊन स्थिरावला होता आणि १९०७ साली महिला विद्यालयही निघाले होते. अशा वेळी पोष्टाने एक लहानशी पुस्तिका कर्वे यांच्या हाती आली. जपानात नारुसे जिंझो यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. कर्वे यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. कामाच्या माणसाकडे असे कागद रोज येतात. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषण तयार करण्याची वेळ आली, तेव्हा त्या बाजूला पडलेल्या पुस्तिकेची त्यांना आठवण झाली. स्त्रियांना त्यांच्या मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ आपल्याकडे का असू नये, हा त्या भाषणाचा गाभा ठरला. १९१६ साली, बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनींनिशी, महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास मिळाले. १९५१ साली त्याला कायद्याची मान्यता लाभली.

पुस्तिका गहाळ झाली असती तर? परिषदेने दुसराच अध्यक्ष निवडला असता तर? विद्यापीठ निघाले नसते, किंवा त्या वर्षी आणि त्या स्वरूपात निघाले नसते, हे कबूल केले पाहिजे. पण तशी पुस्तिका आणखी कोणाच्या हाती पडली असती, तर ती कपाटातच राहिली असती, हेही तितकेच खरे आहे. जवळजवळ वीस वर्षे हिंगण्याच्या माळाशी आणि देणगीदारांच्या जिन्यांशी ज्याची ओळख झाली होती, त्याच्याच मनात ती रुजली. बी कोणत्या शेतात पडेल हे वाऱ्यावर असते. जमीन नांगरलेली असावी, एवढे आपल्या हाती असते.

तथापि एवढ्यावर थांबलो, तर आम्ही पुन्हा प्रयत्नांती परमेश्वर याच वचनाशी येऊन पोहोचलो असे होईल. आणि गोदूबाईंची कथा आपल्याला तेथे थांबू देत नाही. तिच्या अंगची जमीन उत्तम होती. तिच्यावर बी पडू द्यावयाचे नाही, असे समाजाने ठरविले होते. हिंगण्याच्या आश्रमाचा आधारस्तंभ ठरलेल्या तिच्या बहिणीचे, पार्वतीबाई आठवल्यांचेही तसेच. त्याही बालपणी लग्न होऊन तरुणपणी विधवा झालेल्या. आश्रम नसता, तर वर्गणी गोळा करण्यासाठी पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आलेली ही बाई कोणाच्या तरी स्वयंपाकघरातच झिजून गेली असती, आणि इतिहासाला तिचा पत्ताही लागला नसता.

म्हणून अण्णासाहेबांच्या कार्याचा अर्थ आम्ही असा लावतो की, सातारहून परत आल्यावर त्यांना स्वतःला जे मिळाले, ते त्यांनी इतरांसाठी कायमचे करून ठेवले. त्यांना कोल्हापूर मिळाले होते. ज्यांना कोल्हापूर नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी हिंगणे उभे केले. संस्था या शब्दाचा खरा अर्थ हाच असावा. योगायोग नाहीसा करणे कोणत्याही समाजाच्या हाती नाही. मृत्यू येईल, पत्र उशिरा पोहोचेल, परीक्षकाची नजर चुकेल. परंतु एका चुकलेल्या क्षणाने सारे आयुष्य बुडू नये, माणसाला पुन्हा यावयास दुसरे दार असावे, एवढी व्यवस्था समाजाला करता येते. ज्या समाजात अशी दारे पुष्कळ, त्यात योगायोगाची सत्ता कमी. आणि ज्यात ती मोजकी, त्यात लोक दैवाला मानतात यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

राहता राहिली एक गोष्ट. सातारचे ते अध्यक्ष, मला वाटते ते बरोबर, या समजुतीने घरी गेले असतील. ती पुस्तिका पोष्टात टाकणाऱ्यानेही दुसऱ्या दिवशी तिचा विचार केला नसेल. स्वतःच्या आयुष्यातील वळणांची आठवण आपण सारेच ठेवतो. पण दुसऱ्याच्या आयुष्यात आपण कोठे वळण झालो, हे आपल्याला बहुधा कळतच नाही. या सभागृहात शिक्षक आहेत, कचेरीत अर्ज तपासणारे आहेत, मुलींच्या शिक्षणाचा आणि लग्नाचा विचार करणारे आईबाप आहेत. आपल्या टेबलापुढे उभा राहिलेला मुलगा पुढे कोण होणार, हे आपल्याला कधीच दिसणार नाही. म्हणून त्याला नाही म्हणण्यापूर्वी त्याचा दाखला आणखी एकदा वाचावा. आणि नाहीच म्हणावे लागले, तर पुढच्या वर्षी कोठे यावे, हे त्याला सांगून मगच पाठवावे.