काम बंद पडलं तर भत्ता कुणाला मिळतो? पैसा येतो कुठून?

22 फेब्रुवारी 2021 ला अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. पेंटर, फरशीवाले, गॅरेजवाले, हातगाडीवाले घरी बसले. एप्रिलमध्ये राज्यभर निर्बंध आले, तेव्हा सरकारने 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना 1,500 रुपये होते. पण अट होती नोंदणीची किंवा परवान्याची. एकाच स्लॅबवर काम करणाऱ्या दोघांपैकी कार्ड असलेल्याला पैसे, दुसऱ्याला काही नाही.

महाराष्ट्रात प्रत्येक बेरोजगाराला सरसकट मासिक भत्ता मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दरमहा भत्ता’ म्हणून येणाऱ्या लिंकवर आधार किंवा बँकेची माहिती भरू नये. जे मिळतं ते वेगवेगळ्या निधींतून मिळतं.

रोजगार हमी

1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला गेला आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची असं ठरलं. आम्हा शिक्षकांच्या पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच कर. म्हणजे शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

2005 च्या केंद्रीय कायद्याने देशभर हा हक्क दिला. मागणीनंतर 15 दिवसांत काम नाही दिलं तर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव भाग आणि पुढे किमान निम्मा भत्ता, असा त्यात नियम होता. मजुरी केंद्राची, पण भत्ता राज्याने द्यायचा. तारखेची पावती नसेल तर 15 दिवस कधीपासून मोजायचे, हेच सिद्ध होत नाही. म्हणून तोंडी मागणी करू नका. अर्ज लेखी द्या, पावती घ्या आणि सध्याचा नियम ग्रामपंचायतीत विचारा.

कारखाना, दुकान, दवाखाना

10 किंवा जास्त माणसं असलेल्या बहुतेक आस्थापनांत 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो. जुलै 2019 पासून मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के जमा होतात. याच निधीतून 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. नोकरी गेल्यास जास्तीत जास्त 90 दिवस सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम मिळायची. कोरोनाच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, ती 50 टक्के झाली. अट अशी की आधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी आणि ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली हवी. गैरवर्तनामुळे काढलेल्याला भत्ता नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआय शाखेत चौकशी करावी.

अकोला किंवा अमरावतीच्या एमआयडीसीत काम करत असाल तर पगारातून ईएसआय कापला जातो का आणि तो आपल्या विमा क्रमांकावर जमा होतो का, हे आजच बघा.

बांधकाम कामगार

गवंडी, सेंट्रिंगवाले, पेंटर, वायरमन, फरशीवाले यांच्यासाठी राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर घेऊन त्याचा निधी उभा राहतो. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. नूतनीकरण चुकलं तर कार्ड घरात असूनही उपयोग नाही.

मंदी येण्याआधी

मंदीत सरकारचा कर कमी जमतो आणि मागणारे वाढतात. त्यामुळे चांगल्या दिवसांत भरलेला निधीच कामी येतो. नोंदणीचंही तसंच. काम बंद पडल्यावर रांगेत उभं राहून ती होत नाही. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी एक रविवार काढून शेजारच्या कामगारांची कार्डं आणि नूतनीकरणाच्या तारखा तपासून द्याव्यात. तो भत्ता खैरात नाही. आपल्याच घामाच्या वर्गणीतून आणि करातून तो उभा राहिला आहे.