धार पाहायला हजार पटी कशाला?

घरी वस्तऱ्याला धार लावणाऱ्या हौशी मंडळींत एक समजूत घट्ट बसली आहे. धार ही अतिसूक्ष्म गोष्ट, तेव्हा ती पारखायला सूक्ष्मदर्शक जितक्या जास्त पटींचा तितका चांगला. ४० पटींपेक्षा ४०० बरा, ४०० पेक्षा १००० बरा. या समजुतीपायी लोक पैसे तर घालवतातच, पण त्याहून वाईट म्हणजे चांगले पोलाद घासून वाया घालवतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. धारेच्या कामाला २० ते १०० पटींचा, वरून उजेड टाकता येणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. त्यापुढे गेले की दिसणे वाढत नाही, घटते.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो टाकाऊ नाही. नखावर किंवा हातावरच्या केसांवर घेतलेली परीक्षा माणसागणिक बदलते. कुणाचा केस जाड, कुणाचा बारीक, कधी ओला, कधी कोरडा. डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा, ही मागणी योग्यच आहे. शिवाय संशोधक पात्यांची हजारो पटींची छायाचित्रे काढतात, मग आपण निदान हजारापर्यंत का जाऊ नये? उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे.

१८७३ साली येना इथल्या एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी सूक्ष्मदर्शकाची विभेदनमर्यादा सिद्धान्तरूपाने मांडली. दोन बारकावे वेगवेगळे दिसायचे तर त्यांच्यात किमान किती अंतर हवे, हे दोन गोष्टींवर ठरते: प्रकाशाची तरंगलांबी आणि वस्तुभिंगाचे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचे माप. तरंगलांबीला या मापाच्या दुपटीने भागायचे. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा धरला, तर नेहमीचे १० पटींचे वस्तुभिंग (अ‍ॅपर्चर ०.२५) सुमारे १.१ मायक्रॉनपर्यंतचे वेगळेपण दाखवते आणि ४० पटींचे (०.६५) सुमारे ०.४२ मायक्रॉनपर्यंतचे. उपयोगी विवर्धन अ‍ॅपर्चरच्या ५०० ते १००० पटींच्या दरम्यान असते. त्यापुढचे सगळे पोकळ: चित्र मोठे होते, त्यात नवे काही येत नाही. संगणकाला जोडायच्या स्वस्त यंत्रावर छापलेला ‘१०००’ हा आकडा बहुधा पडद्याच्या आकारातून आलेला असतो. पडदा दुप्पट केला तर तो आकडाही दुप्पट होईल, पण भिंग तेच राहील.

आता धारेकडे पाहा. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन व्हरहोवेन यांनी २००४ मध्ये धार लावण्याच्या प्रयोगांचा अहवाल लिहिला. त्यांनी कडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या, आणि चांगल्या कडेची रुंदी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास भरली. म्हणजे ४० पटींच्या वस्तुभिंगाची मर्यादा जिथे येते, साधारण तिथेच चांगली धार सुरू होते. चांगली आणि उत्तम यांतला फरक त्या मर्यादेच्या पलीकडे आहे. तो प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून मोजताच येत नाही. संशोधकांचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण त्यांची छायाचित्रे इलेक्ट्रॉनांनी काढलेली असतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले की पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण असूनही तिरक्या लागलेल्या केसाने पात्याच्या कडेचे कपचे निघतात. तेही पाहिले गेले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच.

पण खरी अडचण याहूनही साधी आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. वस्तरा मंचावर आडवा ठेवला की तो पाठीवर आणि धारेवर टेकतो. दोन्ही बाजूंच्या उतारांमधला कोन साधारण १६ अंश असतो, म्हणून वरचा उतार मंचाशी पूर्ण १६ अंशांनी कललेला राहतो. ४० पटींच्या वस्तुभिंगाची स्पष्टतेची खोली जेमतेम १ मायक्रॉन. या कलत्या पृष्ठभागावर एका वेळी सुमारे साडेतीन मायक्रॉनची पट्टी स्पष्ट दिसेल, बाकी सगळे धूसर. उतार असतो अर्धा-एक मिलिमीटर रुंद. एवढ्याशा पट्टीवरून ‘सगळे ओरखडे गेले’ असा निकाल द्यायचा? १० पटींच्या भिंगाला हीच पट्टी सुमारे ३० मायक्रॉनची मिळते, आणि कमी पटींच्या स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाला त्याच्या कितीतरी पट.

उजेडाचेही तेच. धातुपरीक्षेच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश भिंगातूनच खाली जातो आणि परत येतो. गुळगुळीत केलेला, १६ अंश कललेला उतार तो प्रकाश ३२ अंशांनी बाजूला फेकतो. १० पटींचे वस्तुभिंग मध्यरेषेपासून साडेचौदा अंशांपर्यंतचाच प्रकाश घेते, त्यामुळे उत्तम घासलेला उतार काळाकुट्ट दिसतो. पाहणारा घाबरून वस्तरा पुन्हा दगडावर नेतो. इलाज सोपा आहे. मातीच्या किंवा प्लॅस्टिसिनच्या गोळ्यावर पाते असे कलते बसवायचे की उतार भिंगासमोर सपाट येईल. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने असेच बसवतात.

या वादातला सर्वांत जुना साक्षीदार रॉबर्ट हूक. १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने पहिले निरीक्षण सुईच्या टोकाचे दिले आणि दुसरे वस्तऱ्याच्या धारेचे. आजच्या मानाने अगदी साध्या साधनातून त्याने धार अशी धरली की कडेवरूनच प्रकाश परावर्तित व्हावा. ती पांढऱ्या रेघेसारखी दिसली: कुठे बारीक, कुठे जाड, कुठे खांडे पडलेली. उतारावरचे मोठे चर त्याने दगडावर पडलेल्या धुळीचे किंवा दगडातल्याच एखाद्या कठीण कणाचे मानले. साडेतीनशे वर्षांनंतरही धार तपासण्याची याहून चांगली रीत माझ्या माहितीत नाही. कारण एखादी गोष्ट आहे हे कळणे वेगळे आणि ती किती रुंद आहे हे मोजता येणे वेगळे. तारा दुर्बिणीतही बिंदूच राहतो, तरी तो आहे हे कळतेच. तसेच बोथट कडेवरून परत आलेला प्रकाश ती कड विभेदनमर्यादेहून अरुंद असली तरी चमकून दिसतो. वस्तऱ्याची धार वर करून, कमी पटींत, एकाच बाजूने दिवा देऊन पाहा. जिथे पांढरी रेघ आहे तिथे दोन उतार अजून भेटलेले नाहीत. रेघ नाहीशी झाली की सूक्ष्मदर्शकाचे धारेपुरते काम संपले. पुढचा निकाल दाढीचा.

उताराची आरशासारखी चकाकी हा तर निव्वळ भुलवा. दगड कडेपर्यंत पोचलाच नसेल तर उतार कितीही चमकवला तरी वस्तरा कापणार नाही. ओरखड्यांचे वाचन मात्र उपयोगी आहे. जपानी मानकानुसार १००० क्रमांकाच्या दगडाचा कण सुमारे ११.५ मायक्रॉनचा, ८००० चा सुमारे १.२. आधीच्या दगडाचे जाड ओरखडे पुसले गेले का, हे ५० पटींत स्वच्छ कळते. रोगनिदान प्रयोगशाळांत मायक्रोटोमचे, म्हणजे ऊतींचे पातळ काप घेणाऱ्या यंत्राचे, पोलादी सुरे हाताने लावत, तेव्हाही खांडे कमी पटींतच शोधत आणि अखेरचा निकाल ऊतींच्या कापावर देत. कापात रेघ उमटली की सुऱ्यात खांडा आहे.

म्हणून खरेदीचा सल्ला असा. कॉलेजातून निघालेला किंवा अंबाल्याचा शालेय सूक्ष्मदर्शक स्वस्त मिळाला तरी या कामासाठी घेऊ नका. त्याचा उजेड खालून येतो, पोलादातून तो जाणार नाही. त्याचे ४० पटींचे भिंग ०.१७ मिलिमीटरच्या आच्छादन-काचेसाठी घडवलेले असते आणि पात्याला जवळजवळ टेकते. जवाहिऱ्याचे १० पटींचे चांगले भिंग आधी घ्या. जमले तर पुढे २० ते ४० पटींचा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक आणि वाकवता येणारा एक दिवा. धातुपरीक्षेचा सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर त्याचे ५ आणि १० पटींचे भिंग वापरा, बाकीची तशीच राहू द्या. विक्रेत्याला पटी विचारू नका. अ‍ॅपर्चर किती आणि भिंगापासून वस्तूपर्यंत जागा किती उरते, हे विचारा. हे दोन आकडे त्याला देता आले नाहीत, तर त्याचा सूक्ष्मदर्शक घेऊ नका.