रात्रीचे छायाचित्र : रेखीवपणा आणि रंग यांची कहाणी

कोजागिरीच्या चंद्राचे किंवा दिवाळीतल्या आकाशकंदिलांचे छायाचित्र काढणाऱ्या नवशिक्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, चित्र धूसर आले. दुसरी, डोळ्यांना दिसले तसे रंग आले नाहीत. विद्यार्थी या तक्रारी घेऊन शिक्षकांकडे येतात, तेव्हा 'कॅमेरा चांगला नसेल' असे उत्तर देऊन विषय संपवता येतो. पण तसे केले तर एक उत्तम संधी हातची जाते. कारण याच दोन अडचणी १८४० पासून जगातल्या मोठमोठ्या वेधशाळांनाही आल्या होत्या, आणि त्या सोडवता सोडवता प्रकाश, काच, रसायने व खुद्द आपला डोळा यांच्याविषयी माणसाला बरेच काही कळले. ही कहाणी आपण थोडक्यात पाहू.

दिसते तेथे उमटत नाही

फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची रीत १८३९ मध्ये जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवण्याची ही रीत होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी सुमारे वीस मिनिटे प्रकाश घेऊन चंद्राची प्रतिमा मिळवली. १६-१७ जुलै १८५० च्या रात्री अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. त्यासाठी १०० सेकंद लागले. सूर्याखेरीज दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र होय.

त्या काळच्या छायाचित्रकारांना एक गोष्ट कोड्यात टाकत असे. घासलेल्या काचेवर प्रतिमा डोळ्यांनी पाहून अगदी रेखीव करून घ्यावी, त्याच जागी संवेदनशील पत्रा ठेवावा, आणि चित्र मात्र धूसर यावे! लंडनमध्ये व्यवसाय करणारे फ्रेंच छायाचित्रकार आंत्वान क्लॉडे यांनी १८४० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. डोळ्याला जेथे प्रतिमा रेखीव दिसते ती जागा आणि रसायनावर जेथे ती रेखीव उमटते ती जागा, या दोन जागा वेगवेगळ्या असू शकतात, असे त्यांनी दाखवून दिले.

याचे कारण आपल्या 'तानापिहिनिपाजा'मध्येच दडलेले आहे. लोलकातून जाताना जांभळा प्रकाश जास्त वळतो आणि तांबडा कमी वळतो. भिंगातही हेच घडते. त्यामुळे जांभळ्या-निळ्या किरणांची नाभी भिंगाच्या जवळ पडते आणि तांबड्या किरणांची दूर. दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडून हा दोष बराच कमी करता येतो, हे अठराव्या शतकातच माहीत झाले होते. पण ती जोडभिंगे माणसाच्या डोळ्यासाठी, म्हणजे पिवळ्या-हिरव्या प्रकाशासाठी जुळवलेली असत. त्या काळची छायाचित्रणाची रसायने मात्र निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देत. डोळा एका रंगाने पाहत होता आणि काचपट्टी दुसऱ्याच रंगाने.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. सुमारे २० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्यावे. पुठ्ठ्यात बाणाच्या आकाराचे भोक पाडून त्यामागे विजेरी ठेवावी. भोकावर आधी लाल आणि नंतर निळा जिलेटिन कागद लावावा. भिंगापासून पुठ्ठा ४० सेंमी अंतरावर ठेवून पडद्यावर प्रतिमा रेखीव करावी आणि दोन्ही रंगांसाठी पडद्याची जागा मोजावी. दूरच्या वस्तूसाठी अशा साध्या भिंगाच्या लाल व निळ्या नाभींत सुमारे ३ मिमी अंतर असते. वस्तू ४० सेंमीवर असताना प्रतिमेच्या जागेतला फरक त्याहून बराच मोठा होतो, म्हणून साध्या मोजपट्टीनेही तो पकडता येतो.

दोन उपाय

यावर दोन उपाय निघाले. पहिला न्यूयॉर्कच्या लुईस रदरफर्ड यांचा. त्यांनी १८६४ मध्ये सव्वाअकरा इंची भिंग तयार करवून घेतले. ते डोळ्यासाठी न जुळवता रसायनांना भावणाऱ्या निळ्या-जांभळ्या प्रकाशासाठी जुळवलेले होते. डोळा लावून पाहायला हे भिंग निरुपयोगी होते, पण त्यातून १८६५ मध्ये घेतलेली चंद्राची छायाचित्रे फार गाजली. १८८७ मध्ये पॅरिस येथे साऱ्या आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याची आंतरराष्ट्रीय योजना ठरली, तेव्हा त्यासाठीच्या दुर्बिणीही याच तत्त्वावर बनवल्या गेल्या. पुढे या योजनेत हैदराबादची निझामिया वेधशाळा सहभागी झाली. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता.

दुसरा उपाय आरशाचा. परावर्तनात सर्व रंग सारख्याच कोनात परत फिरतात, म्हणून आरशाची नाभी सर्व रंगांसाठी एकच असते. इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्यात उमटले होते. रात्रीचे छायाचित्र ही केवळ डोळ्याला दिसलेल्या दृश्याची नोंद राहिली नाही. डोळ्याला न दिसणारे दाखवणारे ते साधन झाले. पुण्यातही, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. तेथील २० इंची दुर्बीणही आरशाचीच होती. १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली.

भोके पाडलेला पुठ्ठा

रंगाचा प्रश्न सुटला तरी नेमकी नाभी शोधायची कशी, हा प्रश्न उरतोच. अंधारात मंद तारा रेखीव झाला की नाही हे नुसत्या नजरेने ठरवणे कठीण असते. यासाठी जुनी आणि सुंदर युक्ती आहे. सतराव्या शतकात क्रिस्टोफ शायनर यांनी दोन बारीक भोके पाडलेला पडदा डोळ्यासमोर धरून दृष्टीचा अभ्यास केला होता. हाच पडदा भिंगासमोर धरला तर नाभी चुकलेली असताना एका दिव्याच्या दोन प्रतिमा दिसतात. नाभी साधली की दोन्ही एक होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पॉट्सडॅम येथे योहान्नेस हार्टमान यांनी अनेक भोकांचा पडदा वापरून मोठ्या दुर्बिणींची भिंगे तपासण्याची पद्धत बसवली. २००५ मध्ये रशियातील हौशी निरीक्षक पावेल बाख्तिनोव्ह यांनी तीन दिशांना फटी असलेला पडदा सुचवला. त्यातून ताऱ्याभोवती प्रकाशाच्या तीन रेघा दिसतात. मधली रेघ बरोबर मध्यावर आली की नाभी साधली. जगभरचे हौशी छायाचित्रकार तो वापरतात.

आधीच्या प्रयोगातील भिंगावर पुठ्ठ्याचे एक वर्तुळ लावून त्यात समोरासमोर दोन भोके पाडली, आणि बाणाच्या भोकाऐवजी टाचणीने पाडलेले बारीक छिद्र वापरले, की शायनरचा प्रयोग तयार. शाळेत तो दहा मिनिटांत होतो.

रंग कसा आला

आता दुसरी तक्रार. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे दाखवली. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी ती लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतली होती. तिन्ही चित्रे त्या त्या रंगाच्या प्रकाशात एकाच पडद्यावर टाकल्यावर फीत रंगीत दिसली. गंमत अशी, की सटनच्या काचपट्ट्यांना लाल प्रकाश जवळजवळ कळतच नव्हता! मग लाल रंग आला कोठून? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये झाला. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी दाखवले, की फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि लाल गाळणी ते आरपार जाऊ देत होती. प्रयोगाचे तत्त्व बरोबर होते, पण पडद्यावर दिसलेला 'लाल' मुळात लाल प्रकाशाने उमटलेला नव्हता.

काचपट्टीला लाल-हिरवा दिसू लागण्याची वाट १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना सापडली. चांदीच्या क्षारात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले की ते हिरव्या प्रकाशालाही दाद देते, असे त्यांना आढळले. १९०६ च्या सुमारास सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचपट्ट्या इंग्लंडमध्ये बाजारात आल्या. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची 'ऑटोक्रोम' काचपट्टी आली. तिच्यात बटाट्याच्या स्टार्चचे तीन रंगांत रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत आणि तेच गाळणीचे काम करत.

तरीही रात्रीचे रंग हुलकावणी देतच राहिले. कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी व्हिएन्नात केलेल्या प्रयोगांतून १९०० च्या सुमारास याचे मूळ कळले होते. प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यावा, हा साधा हिशेब मंद प्रकाशात चुकतो. वेळ दुपटीहून जास्त द्यावा लागतो. रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात आणि प्रत्येक थराचा हा दोष कमीअधिक असतो. त्यामुळे बराच वेळ प्रकाश घेतला की एक रंग मागे पडतो आणि सारे चित्र हिरवट किंवा तांबूस होते. १९५९ मध्ये अमेरिकेतील पॅलोमार वेधशाळेच्या विल्यम मिलर यांनी तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यासाठी त्यांना हा बिघाड मोजून दुरुस्त करावा लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी रंगीत फिल्मच टाळली. तीन गाळण्यांतून तीन कृष्णधवल काचपट्ट्या घेऊन त्यांनी त्या एकत्र केल्या. ही मॅक्सवेलचीच रीत होती.

खरा रंग कोणता?

येथे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, मग खरा रंग कोणता?" प्रश्न अगदी योग्य आहे. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातील शंकूपेशी जवळजवळ काम करत नाहीत. काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग ओळखता येत नाही. शिवाय त्या तांबड्या प्रकाशाला फारशी दाद देत नाहीत. म्हणूनच तिन्हीसांजेला जास्वंदीचे लाल फूल काळसर होते आणि पाने मात्र उजळ दिसतात. हा परिणाम चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये नोंदवला. पौर्णिमेच्या रात्री पुरेसा वेळ देऊन काढलेल्या छायाचित्रात आकाश निळे आणि झाडे हिरवी येतात. ही कॅमेऱ्याची चूक मुळीच नाही. चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच. सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद, एवढेच. रंग तेथे असतातच, आपला डोळा ते पाहू शकत नाही.

उलट, सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली प्रकाशातच रंग कमी असतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सारा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. तेथे निळे कापड काळसरच दिसणार. जो रंग प्रकाशात नाही, तो कोणताही कॅमेरा परत आणू शकत नाही.

आजच्या नवशिक्यासाठी

आजच्या मोबाइलमध्ये आणि कॅमेऱ्यात फिल्मची जागा सिलिकॉनच्या चकतीने घेतली आहे. तिचा पाया १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांच्या शोधाने घातला गेला. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चकतीवरील बारीक चौकटींवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या बसवण्याची रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ ची. तीत हिरव्या चौकटी निम्म्या असतात, कारण बारकावे टिपताना डोळा हिरव्या प्रकाशावर अधिक विसंबतो. श्वार्त्सशिल्डचा दोष या चकतीत नाही, पण इतिहासातले बाकीचे धडे तसेच लागू आहेत.

कॅमेरा तिकटीवर घट्ट बसवावा. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. तापमानाने नाभी थोडी सरकते, म्हणून अनेक भिंगे त्या खुणेच्याही पुढे फिरतील अशी बनवलेली असतात. स्वयंचलित नाभीयोजन बंद करून एखादा ठळक तारा किंवा दूरचा दिवा पडद्यावर मोठा करून पाहावा, तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत कडे फिरवावे आणि मग चिकटपट्टीने पक्के करावे. रंगाच्या बाबतीत, पांढऱ्याचा समतोल कॅमेऱ्यावर न सोपवता एकच ठरवून ठेवावा. आकाशासाठी दिवसाच्या प्रकाशाचा पर्याय ठीक असतो. पिवळ्या बल्बखाली बल्बचा पर्याय घ्यावा. दृश्यात एक पांढरा कागद ठेवून पहिले चित्र काढले, तर पुढे तुलना करता येते. शक्य असेल तेथे चित्र कच्च्या नोंदीच्या स्वरूपात साठवावे, म्हणजे रंगांची जुळवणी नंतरही करता येते.

हे सारे विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कारण सुंदर चित्रांपुरते नाही. आज वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात, मोबाइलवर तेजोमेघांची आणि ग्रहांची रंगीत चित्रे सतत समोर येतात, आणि मुले ती जशीच्या तशी खरी मानतात किंवा सारीच बनावट मानतात. दोन्ही टोके चुकीची आहेत. मृगाचा तेजोमेघ दुर्बिणीतून फिकट हिरवट-राखाडी दिसतो आणि छायाचित्रात लालसर येतो. दोन्ही नोंदी प्रामाणिक आहेत, फक्त नोंद घेणारी साधने वेगळी आहेत. म्हणून कोणत्याही चित्रासमोर तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी : प्रकाश कोणता होता, तो कशाने टिपला आणि नंतर रंगांची जुळवणी कोणी, कशी केली? मॅक्सवेलच्या फितीला हे प्रश्न विचारले जायला शंभर वर्षे लागली. आपल्या वर्गात ते पहिल्याच तासाला विचारता येतील.