वणवा वगळून: घराच्या विम्याचा एक जंगली इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका कागदाचा इतिहास आहे. तो कागद तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी होमलोनच्या फाईलमध्ये पडून असेल. घराच्या विम्याची पॉलिसी. माझ्याकडे ती अशीच आली, कर्जाच्या सह्यांच्या गठ्ठ्यात, एक शब्दही न समजावता. मी चंद्रपूरचा, त्यामुळे हा कागद मी इथल्याच नजरेनं वाचणार आहे. चंद्रपूर, गडचिरोली. जंगल, नद्या आणि जमिनीखाली कोळसा.

आधी एक जुनी ओळ ऐका. २०२१ च्या मार्चपर्यंत आपल्याकडे घराच्या विम्याच्या मुळाशी जी पॉलिसी असायची, तिचं नाव 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स'. हीच कारखान्याला, हीच गोदामाला आणि हीच घराला. तिच्यात धोक्यांची यादी होती: आग, वीज, वादळ, पूर, दंगल. यादीत 'बुश फायर' म्हणजे झुडपांची आगही होती. आणि लगेच पुढे काय? तर 'फॉरेस्ट फायर' वगळून!

म्हणजे बघा, जंगलाला लागून घर असलेल्या माणसाला पॉलिसी मिळायची, पण वणवा सोडून. वणवा हवा असेल तर जादा हप्ता भरा. भूकंपाचंही तेच. आता आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काय होतं ते सांगायला नको. मोहफुलं वेचायला खालचा पालापाचोळा जाळतात, तेंदूपत्त्याला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि वारा सुटला की ती कुठवर जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

असं का झालं? कारण ही यादी शहरात जन्मली. १६६६ साली लंडन जळालं आणि त्यानंतर तिथं आगीच्या विम्याचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन इन्शुरन्स आली, १९१९ मध्ये मुंबईत दोराबजी टाटांनी न्यू इंडिया काढली. बंदरं, गिरण्या, कापसाची गोदामं, या जगाचे हे धोके. कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर यांना या जगात 'कच्चं बांधकाम' हा शिक्का बसला. माझं स्पष्ट मत आहे की ती यादी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गडचिरोलीचं घर कधी नव्हतंच.

मग येतं १९७३. १ जानेवारीला सर्वसाधारण विमा सरकारी झाला, शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या. त्याच वर्षी १ मे रोजी कोळसा खाणीही सरकारी झाल्या. घर सांभाळणारा कागद आणि घराखालची जमीन पोखरणारा धंदा, दोन्हींचा मालक एकच! हा माझा आवडता योगायोग आहे. आणि आपल्या जिल्ह्यात कोळसा काढणं त्याच्याही किती आधीचं. वरोऱ्याची खाण इंग्रजांनी १८७० च्या दशकात चालवायला घेतली आणि १९०६ मध्ये ती बंदही झाली.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्येमध्ये खांब सोडतात, पोकळीत वाळू भरतात. ते नीट झालं नाही तर हिशेब पुढच्या पिढीच्या अंगणात चुकता होतो. २६ ऑगस्ट २०२२, शुक्रवार. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. थोडंथोडकं नाही, साठ-सत्तर फूट खाली. घरची माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी बंद खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली.

अशा घराला विमा असता तर? इथे नवा कागद उघडावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आली. विमा नियामकानं मजकूर ठरवून दिला, त्यामुळे मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा सारखा. तिच्यात वणवा मूळ यादीतच आला, भूकंपही आला. जमीन खचणंही आहे. पण त्याखालचे अपवाद वाचा: नदीनं काठ खाल्ला तर नाही, भराव टाकलेली जमीन बसली तर नाही, खोदकामामुळे खचली तर नाही. वैनगंगेचं पाणी घरात शिरलं तर पैसे मिळतात, वैनगंगेनं काठासकट घर नेलं तर वाद होऊ शकतो. आणि कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेली खाण 'खोदकाम' धरायची का? सगळे पैसे या एका शब्दावर अडतील. तुम्ही घुग्घुस, बल्लारपूर, माजरीकडे राहत असाल तर हा प्रश्न पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'हो सर, कव्हर आहे' काही कामाचं नाही.

नव्या पॉलिसीत आणखी एक जुनी खोड गेली. आधी वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा असेल आणि नुकसान चार लाखांचं झालं, तर हातात दोनच लाख यायचे. आता ही कपात नाही. रक्कम ठरते ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी. प्लॉटची किंमत त्यात धरू नका, विमा बांधकामाचा असतो. घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप मिळतात. म्हणून रहमतनगरसारख्या इरईकाठच्या वस्त्यांतल्या मित्रांना मी सांगतो, पावसाळ्याआधी फ्रिज, कपाट, धान्याच्या कोठ्या, सगळ्यांचा एक व्हिडिओ काढा आणि स्वतःलाच मेल करा. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनामा करतो तो सरकारी मदतीसाठी. विमा कंपनीचा सर्व्हेयर वेगळा. तो येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका.

आता शेवटचं. जुन्या पॉलिसीत धडकेच्या कलमात 'रेल्वे, रस्त्यावरचं वाहन किंवा जनावर' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नव्या कलमात 'कोणत्याही प्रकारची धडक' आली, उदाहरणं दिली वाहन, झाड, विमान, भिंत अशी, आणि जनावर हा शब्द गळाला. हा मजकूर लागू झाला एप्रिल २०२१ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढे कोरची-कुरखेड्याकडे धान्याच्या वासानं घरांच्या भिंती पडू लागल्या. माझ्या वाचण्यात हत्ती 'कोणत्याही प्रकारच्या' धडकेत बसतो. तरी तिकडे कुणी पॉलिसी घेत असेल, तर ईमेलमध्ये हाही प्रश्न घाला: हत्ती चालतो का?