धुळीचा आकडा

सातपुडा उतरून कन्हान नदी रामाकोन्याच्या बाजूने सौसर तालुक्यात शिरते आणि पुढे नागपूरकडे निघते. घाटावरच्या कोळसाक्षेत्राला तिचेच नाव आहे, पेंच-कन्हान. परासिया, चांदामेटा, जुन्नारदेव, दमुआ ही तिथली खाणींची गावे. २०२३ साली छिंदवाडा जिल्हा फोडून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा केला, तेव्हा कोळसा छिंदवाड्याकडे राहिला आणि सौसरचे मँगनीज पांढुर्ण्याच्या वाट्याला आले. या मँगनीजपायी सौसरचे नाव फार पूर्वीच जगाच्या भूशास्त्रात पोचले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुई फर्मोर यांनी १९०९ मध्ये देशातल्या मँगनीजवर भलामोठा ग्रंथ काढला. सितापार या इथल्या लहानशा गावावरून त्यांनी एका खनिजाला ‘सितापाराइट’ हे नावही दिले होते. खनिजाला गावाचे नाव मिळाले. ते खणणाऱ्यांच्या छातीत काय साठते, याची चौकशी मात्र फार उशिरा सुरू झाली.

तशी जाण माणसाला जुनी होती. आपण पहिल्या शतकातल्या रोमपर्यंत मागे गेलो, तर प्लिनी सांगतो की शेंदरी खनिज दळणारे मजूर तोंडाला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधत. १५५६ मध्ये अ‍ॅग्रिकोलाने खाणकामावरच्या ग्रंथात लिहून ठेवले, की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या गावी एकेका बाईने सात-सात नवरे केलेले आढळतात, कारण धूळ नवरे खाऊन टाकते. १७०० साली इटलीच्या रामाझिनीने कामगारांच्या रोगांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे १८३१ मध्ये एडिंबरोच्या डॉ. ग्रेगरींनी एका कोळसा खाणकामगाराचे शवविच्छेदन केले, तेव्हा फुप्फुसे आरपार काळी निघाली. सहाच वर्षांनी ग्लासगोच्या डॉ. कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या मजुरांचे लटपटते पाय आणि अडखळती वाचा नोंदवली. म्हणजे घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन्ही धुळींचे अपराध १८३७ पर्यंत कागदावर आले होते. पेंच खोऱ्यात तोवर एकही खाण चालू नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे आली, कोळशाचा उपसा सुरू झाला आणि शॉ वॉलेससारख्या कंपन्यांनी पेंच खोऱ्यात बस्तान बसवले. १९०१ चा खाण कायदा तेव्हा नवाकोरा होता आणि १९०२ पासून सरकारी तपासणीही चालू झाली होती. धुळीची भीती त्या काळातही होती, पण ती छातीसाठी नव्हे, स्फोटापोटी. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कूरिएर खाणीत कोळशाची धूळ पेटली आणि १,०९९ माणसे गेली. त्यावर उपाय निघाला तो चुनखडीची भुकटी खाणीत पसरण्याचा. ब्रिटनने १९२० मध्ये तो सक्तीचा केला, पुढे तो आपल्याकडेही आला. एका धुळीवर दुसरी धूळ! श्वास आणि खाणवायू यांवर अधिकारी मानले जाणारे जे. एस. हाल्डेन तर कोळशाची धूळ फुप्फुसांना फारशी बाधत नाही, खरा शत्रू दगडातली सिलिका, असे ठामपणे सांगत. इतक्या मोठ्या माणसाचे मत खोडायला दशके लागली.

ते खोडले गेले कार्डिफच्या गोदीत. जहाजांच्या पोटात कोळसा पसरणाऱ्या हमालांचा दगडाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही १९४० मध्ये विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांना त्यांची फुप्फुसे रोगट आढळली. मला या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच वाटते, कारण दोष दगडावर ढकलायला जागा उरली नाही. १९४३ मध्ये ब्रिटनने कोळसा कामगारांच्या न्यूमोकोनिओसिसला, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाला, भरपाई लागू केली आणि १९४५ मध्ये कार्डिफलाच संशोधन केंद्र उभे राहिले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये नवा खाण कायदा केला. त्याच वर्षी जुलैत निघालेल्या अधिसूचनेत सिलिकोसिस, न्यूमोकोनिओसिस आणि मँगनीजची विषबाधा हे तीन रोग सरकारला कळवणे बंधनकारक झाले. परासिया आणि सौसर एका यादीत आले. पण रोग कळवणे निराळे आणि धूळ रोखणे निराळे. १० डिसेंबर १९५४ रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ जण बुडाले. त्या दिवसाची तारीख आणि मृतांची संख्या नोंदली गेली. धुळीने जाणाऱ्याला अशी तारीख नसते, तो घरी, खाटेवर, बहुधा निवृत्तीनंतर जातो.

आता आकड्याकडे येऊ. आधी सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचे कण मोजत. ब्रिटिश खाणींतल्या दीर्घ पाहणीने दाखवले की कणांच्या संख्येपेक्षा श्वासात खोल जाणाऱ्या धुळीचे वजन रोगाशी अधिक जुळते. ही आकडेवारी अटलांटिक ओलांडून गेली. नोव्हेंबर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या फार्मिंग्टनच्या खाणीतल्या स्फोटात ७८ जण मेले, पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाच्या हजारो कामगारांनी फुप्फुसांच्या भरपाईसाठी संप केला आणि त्याच वर्षी अमेरिकेने कायद्यात मर्यादा घातली: घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम, तीन वर्षांनी २. (२०१६ पासून तिथे १.५ आहे.) आपल्याकडे १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत मागाहून दुरुस्ती होऊन ३ चा आकडा आला. तोवर खाणी सरकारच्या झाल्या होत्या आणि १९७५ पासून पेंच-कन्हानचा कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे होता. २०१७ च्या नव्या नियमावलीने ३ चे २ केले. धुळीत सिलिका पाच टक्के वा अधिक असेल, तर दहाला त्या टक्केवारीने भागून मर्यादा काढायची. म्हणजे दहा टक्क्यांना १ मिलिग्रॅम.

हे २ मिलिग्रॅम मोजतात कसे? पाळी सुरू होताना कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात, नळी कॉलरपाशी येते. तिथे एक फिरकीदार नळकांडे जाड धूळ बाजूला टाकते, बारीक धूळ आधी वजन करून ठेवलेल्या गोल फिल्टरवर बसते. मिनिटाला साधारण दोन लिटर हवा, आठ तासांत जेमतेम एक घनमीटर. पाळी संपली की फिल्टर पुन्हा तराजूवर. बोटाच्या टोकाला चिकटतील एवढ्या मिठाच्या दाण्यांइतके वजन वाढले, की मर्यादा गाठली. मोजणी सहा महिन्यांतून किमान एकदा, धूळ मर्यादेच्या निम्म्यावर गेली तर तीन महिन्यांनी, पाऊण झाली तर दरमहा. नियम चोख आहे. ही मोजणी करून घेण्याची जबाबदारी मात्र खाणीच्याच व्यवस्थापनावर आहे, आणि धूळ दाबणारे ड्रिलचे पाणी बंद असलेला दिवस त्या नमुन्यात सापडेलच असे नाही.

घाटावरच्या खाणींत उमर घालवून सौसर-पांढुर्ण्याकडे परतलेल्यांना एकच सांगणे आहे. धुळीचा हा रोग काम सुटल्यावरही वाढू शकतो आणि क्ष-किरणात तो क्षयासारखा दिसू शकतो. म्हणून खोकला घेऊन दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा, कोणत्या खाणीत, कोणत्या कामावर, किती वर्षे होतो ते. आणि नोकरीतल्या तपासणीचे जुने एक्स-रे घरात असतील, तर तेही सोबत न्या.